डावीकडे ओढणारी गाडी

त्या वर्षी आमच्या ओट्यावर दोन मोटारसायकलींची इतकी चर्चा झाली की बैलगाडीशिवाय दुसरं वाहन न मानणाऱ्या आमच्या आत्यालाही क्लच म्हणजे काय ते कळू लागलं. त्या चर्चेचं मूळ माझ्या नोकरीत होतं.

मुरुडच्या हायस्कुलात मला इंग्रजी शिकवायची जागा मिळत होती. मुंबईत मावशीकडे राहून, इंग्रजी शाळेत आणि मग कॉलेजात शिकून मी नागावला परत आले, त्याला वर्ष होत आलं होतं. गावात माझ्याजोगं काम नव्हतं. पुन्हा मुंबईला जाणं बाबांना मान्य नव्हतं. मुरुडला त्यांची मावसबहीण राहायची, तेव्हा आठवडाभर तिच्याकडे राहायला हरकत नव्हती. पण शनिवारी दिवेलागणीच्या आत घरी आणि सोमवारी पहाटे परत, अशी त्यांची अट होती. एस.टी. होती, पण शनिवारची शेवटची गाडी शाळा सुटायच्या आधीच मुरुडहून निघायची. शिवाय मध्ये रेवदंड्याची खाडी. पूल नव्हता. माणसं, सायकली, बकऱ्या, सगळं होडीतून पलीकडे जायचं.

"मी आणीन तिला," दादा म्हणाला. "पण मग गाडी घ्यावी लागेल."

गाडी त्याला कॉलेजपासून हवी होती. आता तिला कारण सापडलं. अलिबागच्या एका गॅरेजात दोन जुन्या गाड्या विकायला होत्या, एक काळी, इंग्लंडची, आणि एक तांबडी, झेक बनावटीची. गॅरेजवाला दादाच्या ओळखीचा होता. एकेका रविवारी एकेक गाडी नेऊन पाहा म्हणाला. हायस्कूलला होकार किंवा नकार कळवायचा होता तो दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे दोन रविवार हातात होते.

दादाने तुलनेची तीन अंगं ठरवली होती आणि बाबांना ती तो एखाद्या खटल्यासारखी समजावून सांगायचा: गाडी वळणावर हातात किती राहते, बसायला कशी आहे आणि लांबच्या पल्ल्यावर किती थकवते. बाबा वकील होते. ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "ही पडणार नाही ना, तेवढं सांग."

पहिल्या रविवारी काळी आली. ओहोटीला नागावची पुळण, किनाऱ्यावरची वाळू, ओली आणि टणक असते. बैलगाड्या हाकणारे रस्त्यापेक्षा तीच पसंत करतात. दादाने तिथे एकट्यानेच गाडीने मोठमोठे आठाचे आकडे काढून पाहिले. गाडी जड होती, पण पाण्याच्या कडेने धक्धक् करत अशी सरळ जायची की त्याचा चेहराच बदलला. परत आल्यावर म्हणाला, "वाळूत रुळावर धावल्यासारखी धावते."

मग माझी पाळी, मुरुडपर्यंत जाऊन यायची. मी गोल पाचवारी पातळ नेसले होते, तेव्हा डाव्या बाजूला दोन्ही पाय सोडून बसले. सगळ्या बायका तशाच बसायच्या. मुंबईत मी तेवढंच पाहिलं होतं. त्या गाडीची साखळी डावीकडे आणि बरीचशी उघडी, म्हणून पदर आणि निऱ्या एका हाताने धरायच्या, दुसऱ्या हाताने सीटखालची कडी. दादाच्या कमरेला धरणं मला जमलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

चौलच्या पुढे वाड्यांमधली वळणं सुरू झाली आणि तो कुरकुरू लागला. "डावीकडे ओढते आहे गाडी. सारखी डावीकडे."

गाडीतलं मला काही कळत नव्हतं.

रेवदंड्याला पाणी उतरलेलं होतं, होडी धक्क्याला लागत नव्हती. गाडी होडीत नेण्याची तिथली रीत ठरलेली होती: चाकांखालून दोन बांबू घालायचे, दोरीने आवळायचं आणि चिखलातून पालखीसारखं उचलून न्यायचं. काळीला सहाजण लागले. होडीवाला खांद्यावरचा बांबू सरकवत म्हणाला, "दादा, ही गाडी हाय का गाभण म्हस?"

"इंग्लंडची आहे."

"मंग तिकडंच बरी व्हती."

सगळे हसले. मग माझा प्रश्न आला. आमच्याबरोबरच्या मासे विकून परतणाऱ्या कोळणी गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन, बोलत बोलत चिखलातून होडीत जाऊन बसल्या. मला पातळ घोट्याच्या वर घेता येईना. शेवटी दोघांनी हाताची खुर्ची करून मला नेलं.

"दोन वझी झाली," होडीवाला म्हणाला. "येक गाडी, येक बाय."

आम्ही गाडीवरून धक्क्याला आलो तेव्हापासून एक म्हातारी कोळीण माझ्याकडे बघत होती. सलावच्या किनाऱ्याला लागेपर्यंत बघत होती. उतरताना म्हणाली, "बाय, गाडीवर तू टोपलीवानी कडंला का बसतं? काष्टा घाल नि पाय टाकून बस ना बापयांसारी."

दादाने ऐकलं नाही असं दाखवलं. मीही.

काशीदच्या अलीकडे, उतारावरच्या रेताड वळणावर, आम्ही पडलो. वेग फार नव्हता. गाडी डावीकडे कलली, दादाने पाय टेकला, पाय घसरला आणि गाडी सावकाश आडवी झाली. माझं कोपर सोललं. पुढे न जाता आम्ही परत फिरलो.

ओट्यावर दादाने निकाल सांगितला. बसायला उत्तम, लांब पल्ल्याला उत्तम, पण चेसिस वाकलेला असणार, डावीकडे ओढते. बाबांनी माझ्या कोपराकडे पाहिलं.

"नोकरीचं राहू दे," ते म्हणाले. "घरी काही कमी नाही."

"अजून तांबडी पाहायची आहे," दादा म्हणाला.

"पाहा. पण ती डावीकडे, उजवीकडे, कुठेही ओढली, तर हा विषय संपला."

तो पूर्ण आठवडा मी फार बोलले नाही, पण मी एरवीही फार बोलत नसे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी मी माजघरात बसून आत्याला पाहायचे. आई गेल्यापासून घर तिच्या हातात होतं. ती नऊवारीत सुपाऱ्या सोलायला बसायची, एक गुडघा वर, एक खाली. रहाटाच्या विहिरीच्या कठड्यावर चढायची, गोठ्याचं कुंपण ओलांडायची. तिचं लुगडं कुठेही तिच्या आड येत नसे. मुंबईच्या शाळेतल्या मुली अशा लुगड्याला हसायच्या. त्यांच्याबरोबर मीही ते जुनाट समजत आले होते. आता मात्र मी ते वेगळ्याच हिशेबाने पाहत होते. कडेला बसलेल्या माणसाचं सगळं वजन एका बाजूला पडतं. वळणावर ते वजन आधी जातं, गाडी मागून.

शनिवारी मी आत्याला म्हटलं, "मला तुझं लुगडं नेसवशील?"

"कोणाचं लग्न आहे?"

"उद्या गाडीवर बसायचंय."

तिने हातातला अडकित्ता खाली ठेवला. "पाय टाकून?"

मी मान हलवली.

"तुझा बाप काय म्हणेल?"

"परत आल्यावर म्हणेल."

आत्याने मांडीतल्या सुपाऱ्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "मी लग्न होऊन सासरी निघाले तेव्हा पावसात ओढा चढला होता. वऱ्हाडातल्या बायकांनी बैलांवर बसून पार केला. तुझ्या आजोबांनीच बसवलं. तेव्हा नाही कुणाची अब्रू गेली वाहून." उठली आणि पेटीतून गडद हिरवं लुगडं काढून आणलं. "हे जाड आहे. उडणार नाही. आणि काष्टा घट्ट खोच गो, नाहीतर भर रस्त्यात माझं नाव काढशील."

बाबा पहाटे फिरायला गेलेले असतानाच आम्ही निघालो. दादा मला पाहून थबकला. "हे काय?" म्हणाला. मग कानामागे खाजवत, "गाव संपेपर्यंत तरी नीट बस." मी गाव संपेपर्यंत नीट बसले. नारळीच्या बागा मागे पडल्यावर मी पाय टाकला.

तांबडी गाडी वेगळी होती. आवाज पातळ, मागे निळसर धूर. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावं लागे. स्प्रिंगा कडक होत्या. प्रत्येक खड्डा मणक्यातून वर आला. दोन्ही बाजूंना सायलेन्सर होते, आणि पाय जरा आत गेला की चटका बसायचा. काळीवर मला झोप आली असती, तांबडीवर शक्यच नव्हतं. पण साखळी पूर्ण झाकलेली होती, आणि माझे दोन्ही हात मोकळे होते. मी दादाचे खांदे धरले. चौलच्या वळणावर तो कलला तेव्हा मीही कलले, त्याच बाजूला, तितकीच.

खाडीवर चौघांनी गाडी उचलली. पाणी या वेळीही उतरलेलं होतं. मी लुगडं वर खोचलं आणि चिखलात पाय घातला. तो अपेक्षेपेक्षा गार होता.

"आज येकच वझं," होडीवाला म्हणाला.

काशीदच्या अलीकडचं ते वळण आलं. दादाचे खांदे ताठ झाले, ते मला हाताखाली जाणवलं. गाडी वळली आणि सरळ झाली. पुढे समुद्र दिसला. मुरुडला शाळेच्या फाटकाजवळ तो थांबला. रविवार होता, फाटकाला कुलूप होतं. मी आत न बघताच परत बसले.

दिवेलागणीला बराच अवकाश असताना आम्ही पोचलो. गावात शिरताना दादाने गाडी हळू केली, मी कडेला बसावं म्हणून. मी तशीच बसून राहिले. बाबा ओट्यावर होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग मी पाय मागे टाकून कशी उतरले ते पाहिलं. आत्या दारात येऊन उभी राहिली, हातातला अडकित्ता न ठेवता.

बाबांनी चष्मा काढून पुसला. दादाला विचारलं, "डावीकडे ओढते?"

"मुळीच नाही. बसायला जरा कडक आहे, पण वळणावर काळीपेक्षा सरस. चेसिसच वेगळा, बाबा."

"लुगडं माझं आहे," आत्या मध्येच म्हणाली.

"दिसतंय," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा परत लावला. "घे मग तांबडी. आणि हायस्कूलला उद्या होकार कळव."

मी मुरुडला चार वर्षं शिकवलं. दादाने त्या दोन गाड्यांची तुलना पुढे कितीतरी जणांना सांगितली, ओट्यावर, लग्नांत, होडीतसुद्धा. काळी डावीकडे ओढायची, तांबडी नाही, यावर तो शेवटपर्यंत ठाम होता. काळी कोणीतरी अलिबागमध्ये घेतली. मी ती बाजारात दोन-तीनदा पाहिली. एकटा माणूस चालवत होता, आणि ती अगदी सरळ जात होती.