गुरुवारचा घोडा

हुसेनबी मणेरीण बांगडी हातात चढवायच्या आधी ती स्वतःच्या पुढच्या दातांवर हळूच आपटून बघायची. तडा गेलेली बांगडी बाजूला पडायची, धड असलेली आपल्या मनगटात यायची. गल्लीतल्या बायकांना ती तिच्या धंद्यातली खुबी वाटे. मला मात्र त्या उष्ट्या बांगड्यांची किळस यायची. मी मुरगूडहून नवी नवरी होऊन आले होते आणि माझं नाक तेव्हा जरा वरच असायचं.

आमची गल्ली कोल्हापुरात, रंकाळ्याच्या वाटेवर. महाराजांचं राज्य होतं, प्लेग सरून चारेक वर्षं झाली होती. दर गुरुवारी पहाटे तळ्यावरचं धुकं गल्लीत उतरायचं आणि बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहायच्या. त्या वेळी पीरसाहेबांचा घोडा तळ्यावर पाणी प्यायला जातो, असा सगळ्यांचा विश्वास. टापा ऐकू आल्या की वाकून उंबऱ्याला हात लावायचा. जिला ऐकू येत नाहीत, तिच्या घरात आजार शिरतो म्हणत.

पहिल्याच गुरुवारी मी बोलून गेले, "मला काय बी ऐकू आलं न्हाय." शेजारणींची तोंडं पडली. आठवडाभर मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. सासूबाईंनी तर बजावलंच, "फुडच्या गुरुवारी बी ऐकू आलं न्हाय, तर मुरगूडची वाट धरायची."

बुधवारी हुसेनबी बांगड्या भरायला आली. तिच्या हातात हात दिला आणि मला रडूच फुटलं. मान खाली घालून मी सगळं सांगितलं.

"वर बघून बोल, पोरी. तोंड दिसल्याबिगार मला कळत न्हाय," ती म्हणाली. "प्लेगाच्या तापात माझं दोन्ही कान गेल्यात."

मी थक्क झाले. ही बाई गल्लीत सगळ्यांत मोठ्यानं बोलायची. पण कोल्हापुरात मोठ्यानं बोलणाऱ्याला बहिरं कोण समजणार!

"मग चाची, घोडा?"

"माळावरच्या प्लेगाच्या झोपड्यांतनं परत आलो, तवा निम्म्या दारांना कुलपं हुती. माझा नवरा गेलता, तुझ्या सासूचा थोरला गेलता. कोण कुणाशी बोलंना. एका पहाटं समद्या दारात येऊन हसाय लागल्या. घोडा गेला म्हणं. मी एकटीनं कशाला न्हाय म्हणू? एकटी ऱ्हाऊन बघितलंय मी." मग बांगडी दातांवर आपटत म्हणाली, "समोर कोण हललं की मी वाकते. उद्या तू माझ्याकडं बघ."

दुसऱ्या दिवशी धुक्यात ती आपल्या दारात वाकली, मीही वाकले. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खोटेपणाची लाज वाटायला हवी होती, पण मला फार बरं वाटलं.

असे कितीतरी गुरुवार गेले. तिच्या उष्ट्या बांगड्या मला आवडू लागल्या. मग एका थंडीत हुसेनबी गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो. धुकं दाट होतं. कुणीच वाकेना. उजाडायला आलं, तरी कुणी हलेना. मी आजूबाजूला बघितलं. प्रत्येकीची नजर हुसेनबीच्या बंद दारावर होती. सासूबाईंचीसुद्धा. हुसेनबी बिचारी आमच्याकडे बघून वाकायची आणि अख्खी गल्ली तिच्याकडे बघून.

सासूबाईंचे ओठ थरथरत होते. मला ते बघवेना. मी वाकले, उंबऱ्याला हात लावला. हुसेनबीनं भरलेल्या बांगड्या दगडावर किणकिणल्या. माझ्यामागोमाग सगळी गल्ली वाकली.

"आज लई जोरात गेला, न्हवं?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"व्हय," मी म्हटलं, "ऐकलं की."