हिरामणकाका आणि पाहुण्यांचा संडास

आमच्या हिरामणकाकांना कुणाच्या घरी नेलं, की ते देवघर बघत नाहीत, टीव्ही बघत नाहीत, यजमानांच्या तब्येतीची चौकशीसुद्धा अर्ध्यावर सोडतात. कान देऊन बसतात. आतून कुठून तरी बारीक सूंऽऽ असा आवाज आला, की त्यांचा चेहरा खुलतो. "फ्लश गळतोय तुमचा," असं चहा पिता पिता सांगतात आणि यजमान काही बोलायच्या आत उठून संडासाकडे निघालेले असतात.

खरं तर याची त्यांना काडीची गरज नाही. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, भाडं येऊ लागलं, आणि काकांच्या वयाची बाकी मंडळी गळ्यात साखळी घालून लग्नात पुढच्या खुर्च्यांवर बसायला शिकली. काका शिकले नाहीत. तरुणपणी ते भिवंडीत मुख्तारचाचांच्या हाताखाली नळाचं काम करत. चाचांचं सॅनिटरीचं दुकान अजून आहे आणि काका रोज सकाळी तिथे जाऊन बसतात. "हिरामन, सेठ हो गया तू, अब तो छोड़," असं चाचा म्हणतात. तेवढ्यात कुणी तक्रार घेऊन आलं, की दोघे म्हातारे एकमेकांच्या आधी रोग ओळखायला धडपडतात.

संडासाचं भांडं तुंबलं की लोक ॲसिडची बाटली ओततात. काका आधी विचारतात, घरात लहान मूल आहे का. मूल असलं की आतून हमखास खेळण्यातली मोटार निघते, आणि काका ती धुऊन, पुसून, विजयी मुद्रेने सगळ्यांना दाखवतात. मात्र प्रत्येक वेळी त्यांचं बरोबरच येतं असंही नाही. एकदा आमच्याच घरी त्यांनी मुख्य कॉक बंद न करता टाकीचा पाइप खोलला, आणि जिन्यावरून पाणी थेट गणपतीच्या मखरापर्यंत आलं. हौसाकाकीने त्या दिवशी त्यांना बाहेर ओट्यावर जेवायला वाढलं.

काकीला या सगळ्याची मनापासून लाज वाटायची. "लोकांचा मालक गोदामाचा शेट, माझा मालक संडासाचा डॉक्टर," असं ती म्हणायची. मी तिची पुतणी, मृणाली. तिच्या बाजूने मान हलवायची आणि काकांनी डोळा मारला की हसायची, एवढंच माझं काम होतं.

मग विनिताचं जमायची वेळ आली. विनिता काकांची एकुलती एक. वडप्याला एका ट्रान्स्पोर्ट कंपनीत हिशेब बघते. तिथेच खारबावच्या धनेशच्या गाड्या लागतात. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांना सांगूनही टाकलं होतं. पण आमच्यात मुलाचं घर डोळ्यांनी बघून आल्याशिवाय होकार देत नाहीत, आणि आमच्याकडे होकार म्हणजे दाजींचा होकार. दाजी म्हणजे काकांच्या मोठ्या बहिणीचे यजमान. चार माणसांत नाक मुरडणं हा त्यांचा एकमेव छंद. विनिताने आदल्या दिवशी मला सांगितलं, "दाजींनी मोडता घातला ना, तर मी कुठंच लग्न करनार न्हाय." ती तशी खोटं बोलणारी नाही.

निघताना काकीने काकांना दारात अडवलं. खिसे रिकामे करायला लावले. छोटा पाना निघाला, टेपची गुंडाळी निघाली, वॉशरं निघाली.

"आज त्या जागेला हात लावाचा न्हाय. नावबी काढाचा न्हाय. घ्या पोरीची शपथ."

"घेतली," काका म्हणाले आणि टोपी सारखी करून मुकाट्याने गाडीत बसले. इतके मुकाट की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

धनेशचं घर नवं, दोन मजली, गुलाबी. त्याची आई आनंदीबाई, नवऱ्यामागे गाड्यांचा धंदा उभा ठेवलेली बाई, दारातच हसून सामोरी आली. आम्ही दिवाणखान्यात बसलो आणि सगळ्यांना एकदमच तो आला. वास. अगरबत्तीचा जुडगाच्या जुडगा पेटवला होता, फिनेल ओतलं होतं, कसलासा गुलाबाचा फवारा मारला होता, आणि त्या सगळ्यांना पुरून उरलेला गटाराचा वास.

आनंदीबाईंचा चेहरा पडला. "कवापासून पाठी लागलाय," त्या म्हणाल्या. "गवंड्यान लाद्या फोडल्या, चेंबर उघडून साफ केला. जातच न्हाय." आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी दिवाणखान्याशेजारचं एक दार कौतुकाने दाखवलं. पाहुण्यांसाठी खास बांधलेला संडास-बाथरूम. परदेशी भांडं, सोनेरी नळ. घरचं कुणी वापरत नाही. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते.

काकांचा कान हलला. शपथ सांगते, हलला.

"मना जरा जाऊन याचा हाय," ते म्हणाले. पाहुण्याला यासाठी तर कुणी नाही म्हणू शकत नाही. किल्ली आली. काका आत गेले, लगेच बाहेर आले, आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. पेला घेऊन पुन्हा आत गेले. रिकामा पेला घेऊन बाहेर आले. पुन्हा पाणी मागितलं. मग म्हणाले, पेल्याने भागत नाही, तांब्याच द्या. तांब्या घेऊन आत. पुन्हा तांब्या, पुन्हा आत, असे चार तांबे झाले.

आनंदीबाई आणि त्यांची जाऊ एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी आनंदीबाईंनी काकीला हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साखर हाय का यांना? सारखी तहान, सारखा जाना. माझ्या भावाला असाच व्हता. पोरीला तपासलाय ना?"

दाजींना हेच हवं होतं. पायात चपला सरकवत ते म्हणाले, "आमच्या घरान्यात साखर न्हाय, आनि ज्या घरात बसवत न्हाय त्या घरात पोरगी देनार न्हाय. उठा."

विनिता धनेशकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. आणि काका मध्येच उभे, हातात रिकामा तांब्या, ओठ घट्ट मिटलेले. त्यांना सगळं ठाऊक होतं हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं होतं, पण शपथ पोरीचीच होती. मला वाटलं आता मीच बोलावं. पण मला त्यातलं कळत काय होतं?

काकीने काकांच्या पायांकडे बघितलं. लेंगा घोट्यापर्यंत भिजला होता. पाणी पिणाऱ्याचा लेंगा भिजत नाही. ती बत्तीस वर्षं त्या माणसाचे ओले लेंगे धूत आली होती.

"थांबा दाजी," ती म्हणाली. आणि मग आनंदीबाईंना, ताठ मानेने: "यांना साखर न्हाय. यांना संडासाची खोड हाय. बोला वो, काय दिसला? मी सोडवली शपथ."

काकांनी जो श्वास सोडला तो वळपर्यंत ऐकू गेला असेल. मग त्यांचं तोंड सुरू झालं. जमिनीतल्या जाळीखाली आणि भांड्याच्या वाकात नेहमी थोडं पाणी साठून असतं, ते पाणीच गटाराचा वास वर येऊ देत नाही. रोज वापर असला की ते भरलेलं राहतं. "तुमी पाहुन्यांसाठी कुलूप लावून ठेवलाव. पाहुना येत न्हाय, पानी सुकला. लाद्या फोडून काय व्हनार? मी चार तांबे वतले. आता घ्या वास."

सगळ्यांनी घेतला. दाजींनीही घेतला, नाइलाजाने. अगरबत्तीचा तेवढा येत होता.

"पन नळाला पानी का न्हाय?" काकांनी विचारलं.

धनेश ओशाळला. "फ्लशची टाकी सारखी गळायची. गच्चीवरची सगळी टाकी रिकामी व्हायची, म्हनून मीच कॉक बंद केला."

"उघड. आनि वहिनी, हळद आना."

हळद आली. काकांनी फ्लशच्या टाकीत चमचाभर टाकली आणि सगळ्यांना दारात उभं करून वाट बघायला लावली. बटण कुणी दाबलं नव्हतं, तरी भांड्यातलं पाणी हळूहळू पिवळं झालं. वॉशर गेलेलं. काकांनी टोपी काढली आणि तिच्या घडीतून नवंकोरं वॉशर बाहेर काढलं. काकीने त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर टाकीत लपला असता. धनेशने बाह्या सरसावल्या, न सांगता बॅटरी धरली, आणि सासऱ्याने जिथे बोट दाखवलं तिथे कोपरापर्यंत हात घातला. माझ्या मते काकांनी होकार तेव्हाच दिला.

दाजी चहा घेऊनच उठले. आणि लग्नाची पहिली हळद संडासाला लागली, हे आमच्या घराण्यात आता कायमचं नोंदलं गेलं. नवरदेवाला ती मागाहून लागली, बँजो लावून, रात्रभर.

पाठवणीच्या वेळी विनिता काकांच्या गळ्यात पडून रडत होती. बाप अशा वेळी मुलीला काही शहाणपणाचं सांगतात. काका नाक ओढत म्हणाले, "पाहुना येवो न येवो, रोज एक तांब्या वतत जा." ती रडता रडता हसली, आणि तिला तसंच हसत गाडीत बसवायचं आम्हाला सोपं गेलं.

आता वरच्या मजल्यावरची तिची खोली बंद असते. तिथलं न्हाणीघर कुणी वापरत नाही. रोज सकाळी भिवंडीला निघायच्या आधी काका तांब्या भरून वर जातात आणि पाणी ओतून खाली येतात. कुणी काही विचारत नाही, त्यामागचं कारण सगळ्यांना पाठ आहे. काकीने एका शब्दानेही चेष्टा केलेली नाही. उलट तीच आदल्या रात्री तांब्या भरून जिन्याच्या पायरीवर ठेवते.

मागच्या आठवड्यात काका तापाने पडून होते. काकी तांब्या घेऊन वर गेली. एक तांब्या ओतायला कितीसा वेळ लागतो? मी खाली भाजी निवडत बसले होते, निवडून झाली, तरी ती आली नाही. शेवटी आली तेव्हा पदराचं टोक ओलं होतं.

"पानी उडाला," ती म्हणाली, आणि रिकामा तांब्या घासायला घेऊन गेली.