चांदणीची कूस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिला तर मी न झालेली पगारवाढही सांगून मोकळा व्हायचो. आज तुम्हाला सांगतोय. आजच का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भिलाईत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वसंतराव राहायचे. आमच्याच नागपूरकडचे, प्लांटमध्येही माझ्याच खात्यात. त्यांच्याकडे चांदणी नावाची कारवानी कुत्री होती. कारवानी म्हणजे शिकारी जात — लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, सशामागे सुटली की नजर पुरू नये. शिकारीवर बंदी आली होती, पण जातीचा तोरा काही बंदीने जात नाही. माझा बाजीही कारवानीच. फक्त त्याची आजी गावठी होती.

टाउनशिपमध्ये कुत्र्यांचं काही अडलं की लोक माझा सल्ला घ्यायचे. मला ते आवडायचं — फारच आवडायचं. एका रविवारी मी वसंतरावांना म्हणालो, चांदणीची बाजीशी जोड लावू या. चार जणांसमोर ते हसले. "अस्सल दुधात पानी काहून टाकू भाऊ?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो मात्र नाही.

तिथेच थांबलं असतं तर? पण पुढे चांदणी माजावर आली आणि एका सकाळी वसंतरावांच्या बायकोकडून, सुमनवहिनींकडून, फाटक उघडं राहिलं. रस्त्यावरच्या एका गावठी कुत्र्याने डाव साधला.

वसंतराव तोंड पाडून माझ्याकडे आले. "या खेपेचे पिल्लं गेले समजा. पन पुढच्या खेपेले तरी अस्सल होतीन ना?"

उत्तर मला ठाऊक होतं. दुर्गच्या जनावरांच्या डॉक्टरांना मीच एकदा हे विचारलं होतं. ते म्हणाले होते, त्या खेपेचं त्या खेपेला. मागच्या नराचा पुढच्या पिल्लांशी काही संबंध नसतो. माझा एक 'हो' पुरला असता. मी जाणत्यासारखी मान हलवली आणि म्हणालो, "नाही जी. एकदा कूस बाटली का बाटलीच."

राग वसंतरावांवर होता. वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं — एका मुक्या जनावरावर. पुढे काय होईल हे मला कळलं नव्हतं, असं म्हणू का? त्यांचा स्वभाव मी चांगला ओळखून होतो. त्यांनी तिला पोटुशी असताना लांब अहिवारा गावाकडे नेऊन सोडून दिलं.

वहिनींनी सगळा दोष स्वतःकडे घेतला. त्यांना अन्न गोड लागेना. त्या बाजूने कुणी आलं की चांदणीची चौकशी करायच्या. आणि त्यांची समजूत कोण घालायचं? मीच — त्यांच्या हातचा चहा पीत.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीच बोलून टाकलं असतं.

काही दिवसांनी कामानिमित्त मी जीपने चुनखडीच्या खाणींकडे निघालो होतो. अहिवाऱ्याच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली, जीप हळू झाली, आणि रस्त्याच्या कडेला मला चांदणी दिसली. अंगभर धूळ, बरगड्या वर आलेल्या, पोट लोंबलेलं. तिने मला ओळखलं. उठली, आणि जीपच्या बरोबरीने धावू लागली. तसल्या जड पोटानेही — धावली.

ड्रायव्हर म्हणाला, "साहब, ये तो आपको पहचानती है."

तिला घरी नेलं असतं, तर वसंतरावांनी पुन्हा कुणाला तरी विचारलं असतं. डॉक्टरांनाच विचारलं असतं. मग माझी काय पत राहिली असती? मी एवढाच विचार केला. खरंच, एवढाच.

"चलो," मी म्हणालो.

बराच वेळ ती मागून येत होती. मग दिसेनाशी झाली.

संध्याकाळी मी जीपमधून उतरतो न उतरतो तोच सुमनवहिनी लगबगीने आल्या. "भाऊजी, तिकूनच आले ना तुमी? दिसली का कुठी?"

"नाही दिसली, वहिनी," मी म्हणालो.