तुकडा काढू दिला नाही

दोन वर्षं मी मूर्खासारखा खूश होतो, कारण छातीतली जळजळ थांबली होती.

त्याआधी पंधरा वर्षं कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहून आंबट ढेकरा गिळत आलो. गालात तंबाखू, वरून पाण्यात खायचा सोडा. घरी सगळे त्याला पित्त म्हणायचे. आमच्या घरात मोडलेलं हाड सोडून बाकी सगळं पित्तच असतं. शेवटी बायकोने मिरजेला नेलं. दुर्बिणीने तपासून डॉक्टर म्हणाले, आम्ल वर येऊन येऊन अन्ननलिकेचं अस्तर बदललंय, याला बॅरेट म्हणतात. हा कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकतो. पुढच्या आठवड्यात त्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासू.

मेढ्याहून थोरले दादा आले. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी फर्मावलं, तुकडा काढला की रोग पसरतो. तुकडा काढल्यावर गेलेल्यांची चार नावं गावात प्रत्येकाला पाठ असतात. ती माणसं आधीच मरणाच्या दारात होती, हे कोणी सांगत नाही. आणि मी, लग्नाला आलेल्या दोन पोरींचा बाप, म्हणालो, दादा म्हणतील तसं. या वाक्याची आजही चीड येते.

डॉक्टरांची रोजची गोळी मात्र घेत होतो. तिने जळजळ गेली, म्हणजे रोगही गेला असं मी ठरवलं आणि गोळीही सोडली. तरी जळजळ परतली नाही; बदललेल्या अस्तराला आम्ल कमी जाणवतं, हे नंतर कळलं. तंबाखू सोडायची होती, ती राहिली. फेरतपासणीला गेलोच नाही.

मग या हिवाळ्यात भाकरीचा घास छातीत अडकला. बायकोने कोणालाच न विचारता मला पुन्हा मिरजेला नेलं. या वेळी तुकडे निघाले. पेशी बिघडायला लागल्या होत्या, कॅन्सर अजून नव्हता. डॉक्टर म्हणाले, पोट न फाडता, दुर्बिणीतूनच उष्णता देऊन ते अस्तर जाळायचं, दोन-तीन खेपा. पुढेही गोळी आणि तपासणी चालूच. आणखी उशीर केला असता, तर अन्ननलिकाच काढायची पाळी आली असती.

दादा दवाखान्यात हजर. "जाळल्यावर आनखी भडकंल रं. गावाकडं चल, काढा देतो."

"दादा, गळा माझा हाय," मी म्हणालो. "दोन वर्षं तुमच्या ताब्यात दिला हुता. आता न्हाई देत."

पन्नाशीत पहिल्यांदा उलटून बोललो, तेही रजेचा अर्ज वाचावा तशा आवाजात.

दादा माझ्या शेजारी बाकावर बसले. मग म्हणाले, "मला भ्या वाटलं हुतं रं. तू धाकटा."

माझा राग विझायला हवा होता. उलट वाढला. हेच तेव्हा बोलले असते, तर दोघं मिळून भ्यालो असतो आणि तुकडा तरी निघाला असता. बायको म्हणाली, "आवं, भांडान मागनं करा, फारम द्या आधी."

मी संमतीच्या फॉर्मवर सही केली.