घर न् घर साफ

आमचे तात्या दोनदा शिपाई झाले. आधी बंदूक धरून पलटणीत, मग खराटा धरून शाळेत. पण वर्ग 'साफ केला' असं माझ्या वडिलांनी कधी म्हटलं नाही. झाडला म्हणायचे, पुसला म्हणायचे. आई चिडवायची, "त्या शब्दाला काय काटे आहेत का हो?"

मी त्याच शाळेत बाई झाले, आणि माझी धाकटी लेक माझ्याच वर्गात. शाळा सुटली की तिचं दप्तर तात्यांच्या खांद्यावर. तेवढं ओझं म्हणजे म्हाताऱ्याचा जीव की प्राण.

त्या वर्षी महायुद्धात आपल्या देशाने काय केलं, तो धडा होता. पुस्तकात लिहिलेलं, 'आपल्या शूर जवानांनी गावातले घर न् घर साफ केले.' धाकटीने मिरवून घेतलं, "माझे आजोबा होते तिथे!" तात्या नको नको म्हणत होते, "पोर तुटेल माझ्यापासून." मीच हट्टाने त्यांना वर्गात उभं केलं. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

एका मुलाने विचारलं, "म्हणजे जवानांनी घरं झाडली?"

पोरं खिदळली. तात्या हसले नाहीत.

"दाराला लाथ घालायची. आत बॉम्ब टाकायचा. मग शिरून जे हलेल त्याला गोळी. बाहेर येऊन ओरडायचं, 'साफ!' की पुढचं घर."

"तात्या, पुरे!"

"तुम्हीच बोलावलंत, बाई." घरी मला 'अगं' म्हणणारा माणूस! "सातव्या घरात शत्रू नव्हताच. पलंगाखाली दोन पोरं होती, त्यांच्या चिंध्या झालेल्या. आई रक्तात पडली होती, पोट फाटलेलं. तिने हात हलवला. मी गोळी घातली. बाहेर येऊन 'साफ' म्हणून ओरडलो. पदक मिळालं मला."

वर्गात एक पोरगी रडायला लागली. माझी धाकटी मात्र बाकावर ताठ बसून होती.

शाळा सुटल्यावर तिने रोजच्यासारखं तात्यांना दप्तर दिलं. मला हायसं वाटलं. फाटकापाशी ती थांबली.

"आजोबा, आत पोरं आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

नाही म्हणा, तात्या, एकदाच खोटं बोला! मी मनातल्या मनात हात जोडले.

"रडणं ऐकू येत होतं," तात्या म्हणाले.

धाकटीने त्यांच्या खांद्यावरून दप्तर ओढून घेतलं आणि एकटीच पुढे चालू लागली.