रजेत उसवलेली गादी

सबीनाची बाळंतपणाची रजा मंजूर झाली आणि साताऱ्याच्या एसटी स्टँडवर सल्ला द्यायला जो तो पुढं. सबीना कंडक्टर. कोयनानगरच्या गाडीला गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून कित्येक वर्षं उभी राहिलेली. कुठल्या वळणाला कुठला दांडा धरायचा हे तिच्या पायांनाच ठाऊक. पहिलटकरीण म्हटल्यावर प्रत्येकीला तोंड फुटलं. एक म्हणाली, झोपून घे बाई, मग झोप दिसायची नाही. दुसरी म्हणाली, सिनेमे बघून घे. तिसरीनं तर लोकरीचे दोन गुंडेच हातात ठेवले. तिचे ड्रायव्हर लालासाहेब तेवढे शहाणे निघाले. ते म्हणाले, "कंडक्टर, तुमी आपलं नुसतं बसा. आजवर सगळ्यांना बसायला जागा करून दिली, सोता कवा बसला?"

सबीना हसली. रजेत काय करायचं ते तिनं केव्हाच ठरवलं होतं. कडेगावला अब्बांकडे जायचं.

आता यात भांडणासारखं काय आहे? पण झालं भांडण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत खरी. पण माहेरी आई नको का? सबीनाची अम्मी, दिलशाद, जाऊन तीन वर्षं झालेली. सासू परवीन तडकल्या, "अगं, तितं एकटा म्हातारा. त्यो तुजं करणार का तू त्याचं?" बोलणं कडू, पण त्यात खोट काढायला जागा नव्हती. शेवटी नवऱ्यानं, फारूकनं, मधला मार्ग काढला. रजेचे सुरवातीचे दिवस कडेगावला काढायचे, दिवस भरत आले की साताऱ्याला परतायचं. परवीनबींनी नाक मुरडलं आणि तिच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबाही भरला. त्या बाईचं सगळं असंच.

कडेगावच्या गल्लीत चांदसाहेब नदाफांचं घर विचारायची कुणाला गरज पडत नाही. चांदसाहेब म्हणजे पिंजारी. आजूबाजूच्या गावांत असं जुनं घर नसेल, जिथं त्यांनी पिंजलेल्या गादीवर कुणी झोपलं नाही. एक काळ होता, अंगणात कापसाचा ढीग पडायचा आणि छताला टांगलेल्या धनुष्यासारख्या पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता बसला की टण्ण, टण्ण असा आवाज पार चौकापर्यंत जायचा. दिवाळी सरली, लगीनसराई जवळ आली की तर विचारूच नका. नवरीच्या गाद्या, पाहुण्यांच्या उशा, कुणाच्या आजोबांचा लोड. अब्बा पिंजायचे, अम्मी खोळी शिवायची, आणि गादी भरून झाली की दोघं समोरासमोर बसून दाभणानं टाके घालायची. घालताना भांडायची. "तुमचा टाका वाकडा." "तुजा डोळा वाकडा." शाळेतून आलेली सबीना दप्तर टाकून सरळ कापसाच्या ढिगात उडी मारायची. मग अम्मी तिच्या केसांतला कापूस वेचत बसायची आणि म्हणायची, म्हातारी झालीस गं पोरी, एका दुपारीत.

काय दिवस होते ते! सबीनाला गाडीत उभ्याउभ्या कितीदा ते आठवायचे आणि मागून कुणीतरी ओरडायचं, ओ बाई, सुट्टे द्या की.

आता गाद्या खोक्यात गुंडाळून येतात. खोकं फोडलं की फुगतात. अब्बांकडे येतात त्या फाटक्या उशा, तेही ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांच्या. पिंजण कोपऱ्यात कापडात गुंडाळून उभं असायचं.

पण सबीनाचे दिवस मजेत चालले होते. लग्नानंतर बापलेक एवढी निवांत बसलीच नव्हती. यायची ती सणाला, परतीच्या गाडीकडे एक डोळा ठेवून. आता घाई कसली? सकाळी ओट्यावर चहा, मग शेजारच्या राहीबाई भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घालून घेऊन यायच्या. राहीबाई अम्मीच्या जिवाभावाच्या. "खा गं, दोन जीवांची हायस," म्हणायच्या आणि स्वतःच बसून गप्पांना सुरुवात करायच्या. सबीना अब्बांना खोदून खोदून विचारायची. मी पोटात होते तेव्हा अम्मीला काय खावंसं वाटायचं? "चिचा," अब्बा म्हणायचे. "आमच्या सायकलीला पिंजण, आन् खिशात चिचा. वांगी गावच्या झाडाच्या, नेवरी गावच्या झाडाच्या. तिला चवीवरनं गाव कळायचं." खरं की खोटं, देव जाणे. पण सांगताना म्हातारा असा खुलायचा की सबीनाला वाटायचं, या रजेचं सोनं झालं.

एकच गोष्ट तिला टोचत होती. अब्बांची गादी.

ती दोघांची जुनी गादी, लग्नातली, चांगली ऐसपैस. पण तिची पार दशा झालेली. जागोजागी गुठळ्या, मध्ये डोंगर, भिंतीकडच्या बाजूला हा एवढा खळगा. अब्बा कडेवर अंग चोरून झोपायचे आणि सकाळी कंबर धरून उठायचे. राहीबाई तर तोंडावर म्हणायच्या, "चांदभाऊ, साऱ्या तालुक्याच्या गाद्या केल्या, आन् सोताच्या घरात ह्यो खडकाळ माळ?" अब्बा हसण्यावारी न्यायचे. सबीनानं विचारलं तर "करू की" म्हणायचे. पुन्हा विचारलं तर "घाई काय हाय?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते चिडलेच. घरात ही बापलेक आपल्या दखनी उर्दूत बोलायची, पण अब्बांना राग आला की ते मराठीवर यायचे, कारण गिऱ्हाइकाशी भांडायची सवय त्यांना मराठीतच. "माजी गादी हाय. माजी कंबर हाय. तू तुजी रजा भोग!"

सबीनाला वाटलं, कष्ट नको म्हणून टाळतायत. वय झालं, हात दुखत असतील. मग आपण कशाला आहोत? पिंजाऱ्याची पोर ना आपण? आणि रजा संपायच्या आधी, बाळ यायच्या आधी, बापाची कंबर तरी सुखात टेकू दे. एकदा बाळ आलं की इकडं यायला कधी जमेल कुणास ठाऊक.

शुक्रवार होता. अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले, तिथून बाजारात जाणार होते. त्यांची पाठ वळली तशी सबीनानं राहीबाईंना हाक मारली. राहीबाईंनी आधी कपाळाला हात लावला. "अगं आठवा चाललाय, धुरळ्यात बसतीस व्हय?" पण गादी बघून त्यांचेही हात शिवशिवत होतेच. त्यांनी गादी अंगणात ओढली. सबीना पाटावर बसली, नाकाला ओढणी बांधली आणि ब्लेडनं शिवण उसवली. आतून पिवळट, कडक झालेला कापूस निघाला. राहीबाईंनी काठीनं बडवला, सबीनानं बोटांनी गुठळ्या सोडवल्या. किती वर्षांनी तो वास नाकात गेला! सबीना खूश होती, अगदी लहान पोरीसारखी खूश. अब्बा आले की त्यांचं तोंड कसं होईल, हे ती राहीबाईंना करून दाखवत होती.

अब्बा आले. हातात केळ्यांची पिशवी. ते फाटकातच उभे राहिले. खोळ दोरीवर वाळत होती, कापसाचा एकच ढीग अंगणात पसरला होता. त्यांचं तोंड सबीनानं करून दाखवलं होतं तसं अजिबात झालं नाही.

"भिताडाकडल्या बाजूचा कापूस कंचा?" त्यांनी विचारलं.

सबीनाला प्रश्नच कळला नाही. "सगळा एकत्र केला, अब्बा. बडवायला बरं पडतं."

अब्बांनी पिशवी खाली ठेवली. ढिगाजवळ उकिडवे बसले आणि कापूस चाचपायला लागले. इथला थोडा, तिथला थोडा. काहीतरी हरवलंय आणि ते हाताला लागेल अशा आशेनं. मग त्यांचे हात थांबले.

"तिची जागा हुती ती," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "खळगा. तिच्या अंगानं पडलेला. रातीला हात टाकला की हाताला लागायचा. वाटायचं, पानी प्यायला उटलीया. यील आता."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. तीन वर्षं तिचा बाप अंग चोरून कडेवर झोपत होता, तो या खळग्याची कड मोडू नये म्हणून. आणि ती, पिंजाऱ्याची पोर, तिनं एका दुपारी तो बडवून टाकला होता.

"अब्बा, चुकले मी," ती म्हणाली. "मला बोलला असता तर..."

"काय बोलायचं? म्हातारा गादीतल्या खड्ड्यासंगं झोपतो म्हनून?" असं म्हणून ते आत गेले. चहा घेतला नाही. जेवले नाहीत. सतरंजी अंथरून भिंतीकडे तोंड करून पडले. सबीना ओट्यावर बसून रडली. तिनं फारूकला फोन लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापला. तिला वाटलं, उठून सरळ साताऱ्याची गाडी धरावी. ही कसली रजा? अम्मीचं जे काही शेवटचं या घरात उरलं होतं, तेच आपण संपवायला आलो.

सकाळी तिला जाग आली ती आवाजानं. टण्ण. मग थोडं थांबून पुन्हा, टण्ण.

ती धडपडत बाहेर आली. अब्बांनी पिंजण सोडवून अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगलं होतं. नाकातोंडाला पंचा बांधून ते पिंजत होते. दस्ता एखाद्या वेळी चुकत होता, पण कापूस उडत होता. कालचा तो पिवळा, मेलेला कापूस फुगून पांढरा व्हायला लागला होता. ती जवळ गेली तसा त्यांनी दस्त्यानंच इशारा केला, लांब बस. ती लांब बसली. शेजारून राहीबाई आल्या, त्याही तिच्याजवळ टेकल्या.

दुपारपर्यंत ढीग तयार झाला. अब्बांनी जुनी खोळ घेतली, पसरली, बोटांनी मापली आणि कात्री चालवली. चांगली रुंद खोळ, त्यांनी ती अर्ध्याहून थोडी जास्त ठेवून कापली.

"अब्बा, अरुंद होईल," सबीनाच्या तोंडून निघून गेलं.

"एकट्याला बास झाली," अब्बा म्हणाले.

घरात तीन वर्षांत हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. एकट्याला. त्यांनी तो अगदी साधेपणानं म्हटला, गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा.

मोठी गादी भरून झाली तरी बराच कापूस उरला. अब्बांनी खोळीचा उरलेला तुकडा उचलला, दुमडला आणि त्याची एक चिमुकली खोळ शिवायला घेतली. हातभर रुंद, दोन हात लांब. ती कशाची हे सांगायची गरज नव्हती. राहीबाई एकदम पुढं सरकल्या.

"चांदभाऊ, हे काय करताय? जलमायच्या आदी बाळाचं काय बी करू नाय. असं म्हननारं लोक काय खुळं हायत व्हय? पोरीला सुकरूप सुटू द्या, मग करा हवी तेवडी."

सबीनाचा हात नकळत पोटावर गेला. ही भीती तिच्या सासरीही होती. परवीनबींनी अजून एक टोपडंही आणू दिलं नव्हतं. ती अब्बांकडे बघत राहिली.

अब्बांनी दाभणात दोरा ओवला. ओवायला वेळ लागला, पण मदत मागितली नाही.

"ही बाळाची कुटं हाय, राहीबाई?" ते म्हणाले. "ही दिलशादची हाय. तिचा कापूस कंचा आन् माजा कंचा, आता कुनाला सांगता यायचं न्हाई. पोरीनं कालवून ठेवलाय सगळा. मंग म्हनलं, तिच्या वाटणीचं हे ऱ्हाऊ दे. नातवंड आलं की नानीजवळ निजंल. त्यात काय वंगाळ हाय?"

राहीबाईंनी नाक ओढलं आणि उगीचच अंगणातल्या कोंबडीवर ओरडल्या. सबीनाला काही आवरेना. ती त्या चिमुकल्या खोळीवर वाकली आणि हमसून हमसून रडायला लागली, कालपासून अडकलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत अडकलेला कापूस दोन बोटांनी वेचला. मग कपाळाला आठ्या घालून चक्क मराठीत खेकसले, "रडायचं तर तिकडं सरकून रड गं. कापूस भिजला तर पुना पिंजावा लागंल."