रविवारच्या फोनसाठी युद्धाचं पुस्तक

घाटकोपरला आमच्या वस्तीत विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथलं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे. युद्धाच्या इतिहासाचा खण सगळ्यात खालचा आणि सगळ्यात जास्त मागणीचा. भरतीची तयारी करणारी मुलं येतात, निवृत्त काका येतात, 'एखादं चांगलं सुचव' म्हणतात.

या खणावर माझा राग आहे. अर्धी पुस्तकं बड्या अधिकाऱ्यांनी स्वतःची बाजू मांडायला लिहिलेली. जिंकलो ते माझ्यामुळे, हरलो ते दुसऱ्यामुळे. उरलेल्यांत नकाशे आणि बाण. बाण डावीकडून निघाला, उजवीकडे वळला. त्या बाणातून चालणारी माणसं कुठल्या गावची, काय खात होती, याला एक ओळ नाही. आमच्या वस्तीत पलटणीत गेलेल्या पणजोबांचे फोटो घराघरांत आहेत. पुस्तकांत ते सगळे मिळून 'देशी शिपाई'. संतापायचं नाही तर काय करायचं?

पण याच ढिगात खरी पुस्तकंही असतात. ती लोकांच्या हातात देणं हे मी चळवळीचं काम समजते.

वस्तीतल्या आमच्या संघटनेत पुस्तक वाचायची एक पद्धत आहे. पत्रक लिहायचं तर पुस्तकातून मुद्दे काढायचे. पेन्सिलीने खूण, पानात कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'जबाबदार कोण?' किंवा 'हे का लपवलं?'. पुढच्याने फक्त चिठ्ठ्यांची पानं वाचायची. कामावरून थेट सभेला येणाऱ्याला अख्खं पुस्तक वाचायला वेळ कुठून मिळणार? देवनारच्या कचराडेपोच्या धुरावरचं आमचं पत्रक असंच तयार झालं आणि झकास झालं.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या चाळीतली मावशी वर आली. ती मूळची मालवणकडची. अंधेरीला बॅगा शिवायच्या कारखान्यात कामाला जाते. तिचा एकुलता मुलगा लष्करात, वर डोंगरात कुठेतरी. लहानपणी तो आणि मी एकाच गल्लीत क्रिकेट खेळलोय.

"पोरी, लढाईवरचं एक पुस्तक दे."

"तुला गं कशाला?"

"अगो, रविवारी त्याचा फोन येतो. जेवलास? जेवलो. थंडी आहे? आहे. संपलं. तो दिवसभर करतो काय तेच मला ठाऊक नाही, तर विचारू काय? हल्ली तर तोच म्हणतो, ठेवू का आई?"

मी तिला माझ्या मते खणातलं सगळ्यात चांगलं पुस्तक दिलं. बर्फातल्या एका फसलेल्या मोहिमेचं, आमच्या चिठ्ठ्या लावलेलं. ज्यांनी हुकूम सोडले त्यांची नीट हजेरी घेतलेली. वर सांगितलंही, "सगळं वाचू नकोस, चिठ्ठ्या वाच. मुद्द्याचं तेवढंच आहे."

मावशी शब्दाची पक्की. तिने चिठ्ठ्याच वाचल्या आणि रविवारी त्याच क्रमाने पोराला विचारल्या. बूट बरोबर दिलेत का रे? बर्फात बोटं गळतात म्हणे. साहेब पुढे असतो की मागे? उद्या काही झालं तर आम्हाला खरं कळवतील ना?

तो म्हणाला, "आई, हे तुला कोण शिकवतंय? फोनवर असलं विचारतात काय? माझी वाट लावशील." आणि ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. 'बरा आहे' एवढा मेसेज यायचा. मावशी पुस्तक घेऊन आली आणि तिने ते टेबलावर आपटलं.

"ह्या पुस्तक हा की तुझा पत्रक?"

मी माफी मागितली नाही. म्हटलं, "मावशी, त्यात खोटं काय आहे? तू आई आहेस, तुला विचारायचा हक्क आहे."

"हक्क घाल चुलीत. खरं-खोटं तुझ्या सभेत सांग. माका माझ्या झिलाशी बोलूचा हा." ती चिडली की मालवणीत जाते. मग तिने डोळे पुसले.

मी खाली बसून खण उपसायला लागले. मावशी वरून बघत होती. "ह्याच्यात काय आहे?" नकाशे. "ह्याच्यात?" साहेबाची बढाई. "हे जाडं?" तारखा. तळाशी एक पुस्तक निघालं. सैन्याला रसद पोचवणाऱ्या खेचरांच्या तुकडीतल्या माणसाच्या आठवणी. मी ते कधीच बाजूला टाकलं होतं, कारण पत्रकाला त्यात काही नव्हतं. एकही खूण नाही, चिठ्ठी नाही. खेचराला चढ कसा चढवायचा, ओझं कसं बांधायचं, पाऊस लागला की पट्टे कुठे उसवतात, पानंच्या पानं हेच.

"हे कंटाळवाणं आहे हं," मी म्हटलं.

"दे इकडे."

तिने ते अख्खं वाचलं. कामावर जाताना, मेट्रोत, जेवणाच्या सुट्टीत. मग तिने स्वतःच मुलाला व्हॉइस मेसेज पाठवला. माझ्यासमोर बोलली म्हणून मला माहीत. "बाबा, तुमच्याकडे खेचरं आहेत काय रे? असतील तर ओझ्याचे पट्टे कोण शिवतं? आमच्या बॅगांना जाड दोरा असतो तरी कोपऱ्यात उसवतात. तिकडे काय करतात ते सांग. घाई नाही."

रविवारी फोन आला. सोमवारी मावशी अभ्यासिकेचे जिने धापा टाकत चढून आली.

"दोन खेचरं आहेत! एक ह्याला लाथ मारतं. मी म्हटलं, मग तू त्याच्या मागे कित्याक जातंस? तर हसायलाच लागला. किती वेळ बोलत होता गो! भात करपला माझा."

"आणखी काय म्हणाला?" मी लगेच विचारलं. खरं सांगते, हातात पेन्सिल होती. आत्ता तिथे असलेला माणूस आतलं सांगतोय, असं रोज कुठे ऐकायला मिळतं?

मावशीने पेन्सिलीकडे बघितलं.

"तुला कशाला? ते आमचं बोलणं आहे," ती म्हणाली आणि स्वतःच खाली बसून खणातलं पुढचं पुस्तक शोधायला लागली.